पत्त्यांतला बदाम नको, गुळवेलीचं पान हवं: वनस्पतिचित्र काढण्याचा क्रम

हृदयाच्या आकाराचं पान काढायला बसलं की बहुतेक जण आधी बदाम काढतात. पत्त्यांतला. वर दोन गोल, खाली टोक, मधोमध रेघ, तिला माशाच्या काट्यासारख्या शिरा आणि सगळ्यात शेवटी कुठंतरी देठ. चित्र नीटनेटकं दिसतं. पण ते पिंपळाचं, नागवेलीचं की गुळवेलीचं हे त्यावरून कुणालाही सांगता येत नाही, आणि वनस्पतिचित्राचं तर कामच ते आहे.

मी शिकवते त्या प्रत्येक गटात ही चूक होते. ती हाताची नाही, क्रमाची आहे. छत्रीच्या काड्या आधी आणि कापड नंतर, तसं या पानाचं आहे: देठ, शिरा, मग कड. खाली सगळा क्रम गुळवेलीवर दाखवला आहे, कारण ती गावोगाव सापडते आणि तिच्या शास्त्रीय नावातच, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियामध्ये, हृदयाकार पान आहे.

टप्पा 1: वेल कोणती ते पक्कं करा

नुसत्या पानावरून गुळवेल ठरवू नका. पान शेवटी बघा, आधी खोड.

जुन्या खोडाची साल कागदासारखी पातळ, करडी-तपकिरी असते. नखानं खरवडली की खाली हिरवा रंग दिसतो. सालीवर बारीक उंचवट्यांचे ठिपके असतात. खोड आडवं कापलं तर बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. फांद्यांवरून सुतळीसारखी हवाई मुळं खाली लोंबतात, कधीकधी थेट जमिनीपर्यंत. या चारही गोष्टी जुळल्या की मग पानाकडे या. पान पातळ, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, देठ लांब आणि बुडाशी फुगीर. देठ पानाला मिळतो तिथून साधारण सात शिरा एकाच बिंदूतून फुटतात.

गोंधळ करणाऱ्या वनस्पती अशा:

करांदा. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी ही वेल गुळवेल म्हणून सर्रास रंगवली जाते. तिच्या मुख्य शिरांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या उपशिरा असतात आणि पानाच्या बगलेत बटाट्यासारखे करांदे धरतात. पहिल्या वर्षी मी स्वतः पूर्ण पान रंगवलं, ऑक्टोबरात त्याच वेलीच्या बगलेत करांदा दिसला आणि सगळा कागद बाजूला ठेवावा लागला.

पहाडवेल. देठ पानाच्या कडेला न जुळता बहुधा किंचित आत, पाठीच्या बाजूला जुळतो. पान उलटून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

नागवेल. पान जाडसर आणि तकतकीत. बुडाच्या दोन बाजू बऱ्याचदा सारख्या नसतात. चुरगळलं की विड्याचा वास, तिथंच प्रश्न मिटतो.

पिंपळ आणि परसपिंपळ ही झाडं आहेत, वेली नाहीत, पण सुटं पान हातात आलं की फसायला होतं. पिंपळाचं टोक शेपटीसारखं लांब असतं. परसपिंपळाचं टोक साधं, फूल पिवळं, आणि संध्याकाळपर्यंत ते लालसर होत जातं.

समुद्रशोक. पानाची पाठ रेशमी पांढरी. एकदा पाहिली की विसरत नाही.

गुळवेलीच्या भाऊबंदांतही दोन सावध करणाऱ्या आहेत. टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानाच्या पाठीवर लव असते. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारख्या ठळक गाठी उठलेल्या असतात.

आणखी एक नेहमीची गफलत. आंबुशीचं दल किंवा आपट्याचं पान यांना हृदयाकार म्हणताना खाच कुठं आहे ते बघत चला. त्यांची खाच टोकाला असते. आपण काढतोय त्या पानांची खाच बुडाशी, देठाजवळ असते. पत्त्यांतला बदाम डोक्यात असला की ही दोन टोकं हमखास उलटी होतात, कारण त्या बदामाला देठच नसतो.

सावध: ही ओळख चित्रासाठी आहे. चित्रात चूक झाली तर कागद जातो. काढ्यासाठी वेल ओळखायची असेल तर जाणकार वैद्याला किंवा वनस्पतिशास्त्राच्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा.

टप्पा 2: वर्षाचं वेळापत्रक आखा

जुन्या वनस्पतिग्रंथांतल्या चित्रफलकांवर एकाच फांदीला पानं, फुलं आणि फळं दिसतात. ते पाहून लोक एका रविवारी सगळं मिळेल अशा हिशोबानं बाहेर पडतात. गुळवेलीच्या बाबतीत हे जमत नाही. पानं पावसाळ्यात भरदार असतात. उन्हाळ्याकडे ती गळतात आणि बारीक हिरवट-पिवळी फुलं उघड्या फांद्यांवर येतात. शिवाय नर आणि मादी वेली वेगळ्या. नर फुलं झुबक्यांनी, मादी फुलं बहुधा एकेकटी. वाटाण्याएवढी, पिकल्यावर लालभडक होणारी फळं फक्त मादी वेलीवर धरतात.

म्हणजे पूर्ण चित्रासाठी किमान दोन वेली आणि तीन फेऱ्या. पावसाळ्यातच वेलींना खूण करून ठेवा, कारण उन्हाळ्यात बिनपानांची वेल सापडता सापडत नाही. मी खोडाला सुती दोरा सैल बांधते आणि वहीत जवळच्या झाडाचं नाव लिहिते. फुलं दिसली की दर पंधरवड्याला एक चक्कर.

फक्त पानाचं चित्र काढणार असाल तर जुलै ते सप्टेंबर पुरेसा आहे.

टप्पा 3: जुने फलक नक्कल करायला नाही, वाचायला उघडा

चांगले जुने फलक आज घरबसल्या बघता येतात. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर ते मोफत आहेत. या कामासाठी तीन संच पुरेत. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' (12 खंड, ॲमस्टरडॅम, 1678 ते 1693), रॉक्सबर्गचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा तीन खंडांचा ग्रंथ (1795 ते 1820), आणि रॉबर्ट वाइटचे भारतीय वनस्पतींच्या चित्रांचे 'आयकोनेस' (1838 ते 1853). वाइटसाठी चित्रं काढणारे रंगय्या आणि गोविंदू यांची पानं मुद्दाम शोधा. आपल्याकडचा संच म्हणजे पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती बागेतली 172 चित्रं. 1847 ते 1850 या काळात बागेचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याच्यासाठी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकारानं ती काढली. त्याचं नाव कुठं नोंदलेलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. मूळ चित्रं एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत.

फलक उघडल्यावर सुंदर दिसतंय का हे बघू नका. पुढच्या गोष्टी वहीत टिपा:

एखादं पान मुद्दाम उलटं वळवून पाठ दाखवली आहे का? बहुतेक चांगल्या फलकांवर असतं.

देठ जुळतो ती जागा किमान एका पानात पूर्ण उघडी आहे का?

मागच्या पानांची नुसती बाह्यरेषा ठेवली आहे का? गर्दी टाळायची ही जुनी आणि उत्तम युक्ती आहे.

फुलाचे, फळाचे मोठे करून काढलेले भाग कुठं बसवले आहेत?

आता तीन इशारे, कारण जुन्या फलकांवर डोळे झाकून विसंबल्यानं चुका होतात.

पहिला, वेलीच्या वेढ्याची दिशा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर उमटताना डावं-उजवं उलटतं. कोरणाऱ्यानं आधीच उलटं कोरलं नसेल तर वेल आरशातल्यासारखी दिसते. वेढा नेहमी जिवंत वेलीवरून घ्या. वहीत 'डावा वेढा', 'उजवा वेढा' असं लिहू नका, हे शब्द वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळ्या अर्थानं वापरलेले आहेत. 'समोरून पाहता डावीकडून उजवीकडे वर चढते' असं सरळ वाक्य लिहा.

दुसरा, रंग. हातानं रंगवलेल्या जुन्या फलकांतली हिरवी पानं कधीकधी निळसर दिसतात, कारण निळा आणि पिवळा मिसळून केलेल्या हिरव्यातला कच्चा पिवळा काळाबरोबर उडतो. तो निळा तुमच्या पानात आणू नका.

तिसरा, पिवळट कागद. जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात कागद बुडवण्याची टूम निघाली आहे. कृपा करून करू नका. कागदाची खळ उतरते, रंग डागाळत पसरतो आणि वर्षभरात कागद आणखी काळवंडतो. त्या चित्रकारांनी शुभ्र कागदावरच काम केलं होतं, पिवळेपणा नंतर वयानं आला. जुन्या फलकाचं देखणेपण मांडणीत आणि मोजमापात आहे.

टप्पा 4: साहित्य

गुळगुळीत पृष्ठाचा, ज्याला दुकानात हॉट प्रेस म्हणतात, तो 300 ग्रॅमचा जलरंग कागद. एचबी आणि 2एच पेन्सिल, मळून मऊ होणारा खोडरबर, ट्रेसिंग पेपर, दोन टोकांचा डिव्हायडर, मिलिमीटरच्या स्पष्ट खुणांची पट्टी, दहापट भिंग, धारदार ब्लेड. ब्रश दोनच, गोल, 2 आणि 4 नंबरचे, पण टोक शाबूत असलेले. रंग पाच: लेमन यलो, अल्ट्रामरीन, बर्ण्ट सिएना, परमनंट रोज आणि फिकट चमकेसाठी सेरुलियन ब्लू. तयार हिरवा रंग नको.

टप्पा 5: तोडण्याआधी मोजा

इथं घाई करणाऱ्यांचं चित्र पुढे कधीच सावरत नाही. गुळवेलीचं खोड तोडून टांगलं तरी अनेक दिवस जिवंत राहतं, त्यामुळं लोकांना वाटतं पानही टिकेल. पान टिकत नाही. पातळ असल्यानं थोड्याच वेळात मान टाकतं, पाळ्या (खाचेच्या दोन बाजूंचे गोल भाग) आत वळतात आणि मग तुम्ही सुकलेल्या पानाचं चित्र काढत बसता.

म्हणून वेलीवर असतानाच, याच क्रमानं:

1. पान वेलीवर कसं धरलेलं आहे ते अंगठ्याएवढ्या रेखाटनात उतरवा. गुळवेलीचं पान सहसा सपाट नसतं, बुडाशी थोडं उचललेलं असतं.

2. पानाची लांबी देठ जुळतो त्या बिंदूपासून टोकापर्यंत घ्या. पाळ्यांच्या मागच्या टोकापासून घेऊ नका. सगळ्यात जास्त चुकणारं माप हेच.

3. पाळ्या त्या बिंदूच्या मागे किती गेल्या आहेत ते वेगळं मोजा.

4. सर्वांत जास्त रुंदी किती, आणि ती बिंदूपासून किती अंतरावर आहे?

5. देठाची लांबी.

6. रंगाची पट्टी. कागदाच्या तुकड्यावर तीन छटा मिसळून पानाशेजारी धरून जुळवा: उजेडातली, सावलीतली आणि पाठीची.

गेल्या श्रावणात मी मोजलेल्या एका पानाची नोंद अशी: लांबी 9.2 सेंमी, पाळ्या मागे 1.9 सेंमी, रुंदी 9.8 सेंमी, सर्वांत रुंद जागा बिंदूच्या वर 1.5 सेंमी, देठ 7.4 सेंमी. या आकड्यांकडे नीट बघा. पान लांबीपेक्षा रुंद आहे, सर्वांत रुंद जागा जवळजवळ बुडाशीच आहे, आणि देठ तर पानाच्या तीन-चतुर्थांशाहून लांब आहे. मनातल्या बदामात यातलं काहीच नसतं.

यानंतर फांदी तोडा, पानांसकट ओल्या फडक्यात गुंडाळा, हवाबंद पिशवीत घाला. एक जादा फांदी आणा.

सावध: पान पुस्तकात दाबून त्याभोवती पेन्सिल फिरवू नका. दाबल्यावर पाळ्या पसरतात, खाच रुंद होते आणि उभारी जाते.

टप्पा 6: देठ, शिरा, मग कड

खिडकी डाव्या हाताला ठेवा (डावखुरे असाल तर उजव्या). जुन्या फलकांतही उजेड बहुधा वरून डावीकडून येतो. फांदी बाटलीत उभी करून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा.

ट्रेसिंग पेपरवर सुरुवात करा.

पहिली रेघ देठाची. तो सरळ काठीसारखा काढू नका. बुडाशी फुगीर, मग बारीक, बहुधा थोडा वळलेला. देठ संपतो तिथं ठळक टिंब द्या. पुढचं सगळं माप या टिंबापासून.

दुसरी रेघ मधल्या शिरेची, टिंबापासून टोकापर्यंत. ती देठाची पुढची वाट असते. देठातून येणारा हात न उचलता शिरेत जायला हवा. इथं कोन मोडला तर पान चिकटवल्यासारखं दिसतं.

मग तीन जोड्या, सगळ्या त्याच टिंबातून. पहिली जोडी वर झेपावते आणि पानाच्या वरच्या भागापर्यंत पोचते. दुसरी साधारण आडवी जाते. तिसरी खाली वळून पाळ्यांत शिरते. प्रत्येक शिरेचं टोक डिव्हायडरनं मोजून टिंब द्या. डावी-उजवी बाजू आरशासारखी सारखी करू नका, खऱ्या पानात ती नसते.

आता कागदावर देठ, सात शिरा आणि काही टिंबं आहेत. कड अजून नाही. इथं थांबा.

तपासणी: हा सांगाडा भिंतीला लावून पाच पावलं मागे जा. कड नसतानाही पानाचा आकार दिसतोय का? दिसत नसेल तर शिरांचे कोन चुकलेत. कड काढून ते सुधारणार नाही.

आता कड, आणि तीसुद्धा खाचेतून. बहुतेक जण टोकाकडून सुरू करतात आणि खाचेशी येईपर्यंत दोन्ही बाजूंचा हिशोब बसत नाही. खाच हीच या पानाची ओळख आहे, म्हणून ती ताज्या हातानं काढा. पाळ्यांमधली मोकळी जागा हा एक स्वतंत्र आकार समजून काढा. ती इंग्रजी व्ही सारखी टोकदार आहे, की यू सारखी गोल? रुंद उघडी आहे, की पाळ्या एकमेकींवर चढल्या आहेत? देठ तिच्या मधोमध आहे का? मग तिथून पाळीचा गोल घेत, शिरांची टिंबं जोडत टोकाकडे चढा. दोन टिंबांमध्ये कड किंचित आत-बाहेर होते, तो चढउतार सोडू नका.

टोक शेवटी. गुळवेलीचं टोक लहान असतं. ते ओढून लांब केलं की पान पिंपळाकडे झुकतं.

टप्पा 7: वळलेलं पान

एक तरी पान पाठ दाखवणारं हवं. वळण जमत नाही त्याचं कारण लोक दिसणाऱ्या भागापुरतीच रेघ काढतात. पान काचेचं आहे असं धरा. मधली शीर वळणाच्या मागूनही अखंड काढा, नंतर लपलेला भाग खोडा. शीर एका बाजूनं आत जाऊन भलत्याच जागेतून बाहेर आली की वळण मोडतं, मग वर कितीही रंग चढवा.

टोक आपल्याकडे रोखलेल्या पानात लांबी आखडते, रुंदी फारशी नाही. एक डोळा मिटून, हात पूर्ण ताठ ठेवून पेन्सिलीवर माप घ्या. डोक्यातलं 9.2 सेंमी इथं विसरायचं, दिसेल तेवढंच घ्यायचं.

सगळं जमलं की ट्रेसिंगच्या मागून 2एचनं रेषा गिरवून चित्र मूळ कागदावर उतरवा. हात हलका ठेवा, गुळगुळीत कागदावर पडलेली खोच जात नाही.

टप्पा 8: रंग

पान ओल्या फडक्यातून काढून शेजारी ठेवा. कोमेजलं असेल तर जादा फांदी आहेच.

सेरुलियनचा अगदी पातळ हात आधी, जिथं आभाळाची चमक पडते तिथं. तो पूर्ण वाळू द्या. मग लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचा हिरवा, त्यात चिमूटभर बर्ण्ट सिएना, म्हणजे तो प्लास्टिकसारखा भडक राहत नाही.

पान एकदम रंगवू नका. शिरांमधला एकेक खण स्वतंत्र रंगवा आणि शिरेची जागा कोरी सोडा. गुळवेलीच्या शिरा पानापेक्षा फिकट असतात, त्या शेवटी पांढऱ्या रंगानं काढल्या की दोऱ्यासारख्या वर बसतात. कोऱ्या सोडलेल्या शिरेवर नंतर फिकट पिवळट हात आणि एका कडेला बारीक सावली एवढं पुरतं. खण रंगवताना शेजारशेजारचे सलग घेऊ नका, एक सोडून एक घ्या. नाहीतर ओला रंग शीर ओलांडतो.

शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं बारीक रेघा, शिरांच्या दिशेनं. परमनंट रोजचा इवलासा थेंब सावलीच्या हिरव्यात मिसळला की सावली काळी न पडता खोल होते. काळा रंग वापरू नका.

शाईत करणार असाल तर आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीऐवजी टिंबं द्या. पातळ पानावर जाळी कापडासारखी दिसते.

तपासणी: चित्र आरशात धरा. सरळ बघताना न दिसलेला झुकाव तिथं लगेच दिसतो.

टप्पा 9: छेद, मापपट्टी आणि नोंद

खोडाचा आडवा छेद कोऱ्या ब्लेडनं एका झटक्यात घ्या. करवतल्यासारखं कापलं तर आरे चुरडतात. भिंगाखाली पाहून मोठा काढा आणि फलकाच्या तळाशी, पानापासून सुटा बसवा.

आकार दाखवायला 'पाचपट' असं नुसतं लिहू नका. चित्र छापताना किंवा पडद्यावर लहानमोठं होतं आणि तो आकडा खोटा ठरतो. प्रत्येक मोठ्या केलेल्या भागाखाली मापपट्टी काढा आणि ती किती मिलिमीटरची ते लिहा. चित्र लहान झालं की पट्टीही तेवढीच लहान होते.

कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीनं लिहा: वनस्पतीचं मराठी आणि शास्त्रीय नाव, नर की मादी वेल, गाव आणि तालुका, कशावर चढली होती, पान, फूल, फळ यांच्या वेगवेगळ्या तारखा, आणि नमुना क्रमांक. तोच क्रमांक लिहून जादा फांदी वर्तमानपत्रात दाबा, पावसाळ्यात कागद रोज बदला. उद्या कुणी ओळखीवर शंका घेतली तर निकाल त्या वाळलेल्या फांदीवरून लागेल, आणि पुणे-मुंबईतल्या वनस्पतिसंग्रहालयांत दाखवायलाही तीच न्यावी लागेल. चित्रावर आम्लविरहित पातळ कागद घाला आणि ते आडवंच ठेवा, गुंडाळी करू नका.